परकोटाबाहेरचा ठराव

रूस देशातली कुळं मोकळी झाली, त्या खुशीत अमरावतीच्या कापूस बाजारात जिलबी वाटली गेली. वाटणारे आमचे काकाजी. लोकांनी आधी जिलबी तोंडात टाकली आणि मग विचारलं, "काय वो काकाजी, नातू झाला काय?"

"नाई. रूसमधले कास्तकार सुटले."

"कोन्या गावचे म्हनता?"

"रूस. लय दूर हाये. बर्फ पडते तिथं."

"बरं झालं बाप्पा," असं म्हणून विचारणाऱ्यानं दुसरी जिलबी घेतली.

काकाजींचं रूसमध्ये कोणी नव्हतं. खरं म्हणजे अमरावतीच्या परकोटाबाहेर, म्हणजे गावाच्या तटाबाहेर, त्यांचं फारसं कोणी नव्हतंच. ते अख्ख्या जन्मात अकोल्याला गेले होते ते एकदा, साळ्याच्या लग्नाला, आणि तिथलं पाणी पिऊन तीन दिवस पोट धरून परत आले होते. "परमुलूख थो परमुलूख," एवढंच त्यावर बोलले. तरी पण कुठल्याही देशात कुणावर जुलूम झाला की यांच्या घशाखाली घास उतरत नसे. काकू ताट वाढून बसलेल्या असायच्या आणि हे भिंतीकडे बघत असायचे. काकू मला म्हणायच्या, "याईले सारी दुनिया सोयरी हाये. घरचं जाते कोन्या पाटाखाली कोनाले ठाव! आन तू कायले वाचून दाखवतं रे थे पत्र?"

पत्र म्हणजे मुंबईचं वर्तमानपत्र. टपालानं यायचं, पंधरा दिवस शिळं. काकाजींना अक्षरओळख नव्हती, म्हणून दर मंगळवारी दुपारी मी वाचून दाखवायचो. मी कापूस बाजाराच्या पंचांचा लिहिणारा. तंट्याची टिपणं करायची, ठराव मोडीत उतरवायचे, पेटीत ठेवायचे, हे माझं काम. पंचात मोडी वाचता येणारा मी एकटा. त्याचा मला फार गर्व होता, तो का नसावा हे पुढं कळलंच.

वाचताना काकाजी मध्ये एकच प्रश्न विचारायचे. राजा बदलला, तह झाला, कुठं नवीन कायदा आला, काहीही असो. "तिथं बसू देतेत काय?"

पहिल्यांदा मला कळेचना. "कुठं बसू देतात?"

"कोठीबी. मानसाले एखादी गोष्ट पटली नाई, आन थो रस्त्यात खाली बसला. म्हने, मी नाई करत. दगड नाई उचलला, शिवी नाई देल्ली. गुमान बसला. तर त्याले बसू देतेत, का उचलून हानतेत?"

हे पत्रात कुठून असणार? पण काकाजींनी त्यावरून देशांची वर्गवारी केली होती. बसू देणारे देश, बसू न देणारे देश, आणि कळत नाही असे देश. आपल्या मुलखाबद्दल विचारलं तर म्हणायचे, "पाहू." स्वतःच्या घरात मात्र नियम लागू होता. एकदा काकू चुलीपुढं पाय पसरून बसल्या, म्हणाल्या, आज मी रांधत नाही. काकाजींनी हूं का चूं केलं नाही. चार दिवस शिळी भाकर आणि कांदा खाल्ला. पाचव्या दिवशी काकूंनाच दया आली.

धंद्यानं काकाजी दलाल. आता ज्यांनी तो बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सौदा तोंडानं होत नसे. दलाल मध्ये बसायचा, उपरणं पसरायचा, विकणारा उपरण्याखाली हात घालायचा, घेणारा घालायचा, आणि बोटं दाबून भाव ठरायचा. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच, अर्ध्या पेरावर दाबलं की अर्धा. वरून दोघंही आभाळाकडे बघत पाऊसपाण्याच्या गप्पा मारायचे. उपरण्याखाली हात दिला की दिला. मग बाप आला तरी सौदा फिरत नसे. ज्यानं एकदा फिरवला, त्याच्यापुढं पुन्हा कुणी हात धरत नसे. काकाजींचा हात सगळ्यात भरवशाचा, असं सारा बाजार मानायचा. माणूस येडा आहे हेही मानायचा. दोन्ही एकाच दमात सांगायचा.

अमेरिकेत लढाई पेटली ती ह्याच दिवसांत. तिकडचा कापूस बंद पडला आणि आमच्या कापसाला असा भाव चढला की चांदूरकडचे पाटील बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं घालून आले. पाटील पंचात होते. दुसरे मोठे पंच शेटजी. शेटजी मारवाडी, तीन पिढ्या वऱ्हाडात, बोलणं आमच्यासारखंच, पण वाचायचे फक्त आपली महाजनी लिपी. परकोटाच्या आत जागा पुरेना, म्हणून शेटजींनी वेशीबाहेर मोठं आवार बांधलं. त्यात रेचे बसवले. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचं हातानं फिरवायचं लाकडी यंत्र. चाळीसेक बाया सकाळपासून रेचे फिरवायच्या.

आणि एका मंगळवारी मी ती बातमी वाचली. विलायतेतल्या गिरण्या कापसावाचून बंद. मजूर उपाशी. तरी पण एका गावात ते शांतपणे जमले आणि म्हणाले, गुलामांच्या हातचा कापूस आम्हाला नको, आम्ही उपास काढू, पण ती माणसं सुटली पाहिजेत. आणि तिथल्या काही बड्या लोकांचं म्हणणं पडलं की मजुरांना असं जमू देऊ नये.

काकाजी उठून उभे राहिले. मी त्यांना वाचन चालू असताना उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"पुन्हा वाच," म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

"उपाशी हायेत?"

"हो."

"आन तरी दुसऱ्यासाठी बसले?"

"असं लिहिलंय."

"चाल," म्हणाले. "पंच बोलव. ठराव करू."

आमच्या पंचांनी तोवर केलेले ठराव म्हणजे गाड्या कुठं सोडाव्या, कापसावर पाणी मारणाऱ्याला काय दंड, आणि हौदावर बैल धुऊ नयेत. विलायतेतल्या मजुरांना पाठिंबा देणं हे काम पंचांकडे याआधी आलेलं नव्हतं. पण शेटजींनी हिशेब पटकन केला. ते मजूर अमेरिकेचा कापूस नको म्हणतात? फार गुणी लोक. त्यांना बसू दिलंच पाहिजे. "काकाजी, तुमी म्हनता थे अगदी न्यायाचं हाये," असं शेटजी इतक्या कळवळ्यानं बोलले की मला गहिवरून आलं. तेव्हा मी लहान नव्हतो, मूर्ख होतो.

हात वर करून मत द्यायला काकाजींचा विरोध. "वरून देलेल्या हाताचा काय भरवसा?" त्यांनी उपरणं पसरलं. पाठिंबा असेल त्यानं पंजा दाबायचा, नसेल त्यानं एक बोट. पाचही पंच एकेक करून बसले आणि आभाळाकडे बघत मत देऊन उठले. काकाजींनी मला सांगितलं, "लिही. चार पंजे. आन पाटलाचे साडेतीन."

"साडेतीन कसे?" मी विचारलं.

पाटील खजील झाले. "सवय हाये बाप्पा. एकदम पाच कोन देते?"

मग मी लिहायला बसलो आणि अडलो. आमचा प्रत्येक ठराव 'परकोटाच्या आत' या शब्दांनी सुरू व्हायचा, कारण पंचांचा अंमल तेवढाच. हा तर बाहेरचा मामला. मी विचार केला, आतलं असेल तर 'परकोटाच्या आत', म्हणजे बाहेरचं असेल तर 'परकोटाबाहेर'. मला तेव्हा ते इतकं चोख वाटलं की मी ते दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. "परकोटाबाहेर जिथं कुठं माणसं काम थांबवून, दगड न उचलता, शिवी न देता बसली असतील, तिथं त्यांना कुणी उठवू नये, कोंडू नये, मारू नये. त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं. या पंचांचा त्यांस पाठिंबा आहे." कुणालाही त्यात काही खटकलं नाही. आम्हा अमरावतीकरांना वेशीबाहेर पाऊल टाकलं की विलायतच होती.

एक नक्कल विलायतेला पाठवायची होती. पत्ता कुणालाच माहीत नव्हता. काकाजी म्हणाले, "कापूस जाते ना तिथंच? मंग गठानीत टाक." तेव्हा मी नक्कल मेणकापडात गुंडाळली आणि काकाजींनी ती स्वतःच्या हातानं कापसाच्या एका गाठीत खोल खुपसली. उत्तर आलं नाही. मूळ कागद माझ्या पेटीत गेला.

आता खरं सांगायचं ते.

भाव आणखी चढला तसा शेटजींना संशय आला की बाया लुगड्याच्या ओच्यात सरकी काढलेली रुई घालून नेतात. नेत असतील एखादी मूठ, नाही म्हणत नाही. शेटजींनी आवाराच्या फाटकाला बाहेरून कडी लावायला सुरुवात केली. सकाळी आत घेतलं की दिवस मावळताना कडी निघायची. आत चहूकडे रुई. एक ठिणगी पडली असती तर काय झालं असतं ते मी आजही मनात आणत नाही. त्यातल्या गयाबाईचं पोर चार महिन्यांचं. आधी ती दुपारी घरी जाऊन पाजून यायची. आता पोर घरी रडायचं आणि ही आत रेचा फिरवायची. संध्याकाळी बाहेर यायची तेव्हा तिची चोळी दुधानं भिजलेली असायची, आणि ती दोन्ही हात छातीशी घेऊन भिंतीकडेनं पळत सुटायची.

एका सकाळी सगळ्या बाया आल्या, पण फाटकाबाहेरच बसल्या. कुणी ओरडलं नाही. गयाबाई मांडीवर पोर घेऊन पुढं. शेटजींचा माणूस म्हणाला, चला आत. ती म्हणाली, "आमी काम करतो जी. कडी काढा, मंग येतो." बस. एवढंच मागणं. पैसा नाही, पाणी नाही, फक्त कडी.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी शेटजींनी मला गादीवर बोलावलं, पान पुढं केलं आणि म्हणाले, "थो काकाजी गावभर म्हनत फिरून राहिला का ठराव हाये म्हून. परकोटाबाहेर म्हने. माह्यं आवार परकोटाबाहेर हाये काय?"

"आहे," मी म्हणालो.

"मंग थे तुह्यं लिहिन्यात चुकलं. आपला मतलब काय होता?"

"विलायत."

"मंग तसं लिही. समुद्रापार लिही. दुसऱ्या कागदावर नीट उतरव."

त्यात आवाज चढवणं नव्हतं, धमकी नव्हती. मला नोकरी त्यांनीच दिली होती, राहायची खोली त्यांची होती, आणि बायको सातव्या महिन्यात होती. ही कारणं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितली. खरं एकच, मला भीती वाटली. मी तिथंच बसून नवा कागद लिहिला, 'परकोटाबाहेर'च्या जागी 'समुद्रापार'. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं. जुना कागद शेटजींनी चिलमीच्या निखाऱ्यावर धरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेटजींनी लाठीवाले आणले, आठ जण. बाया उठल्या नाहीत. गयाबाईनं पोर मागच्या म्हातारीकडे दिलं आणि पदर खोचून पुन्हा खाली बसली. तेवढ्यात गर्दीतून काकाजी आले, तिच्या शेजारी फतकल मारली आणि लाठीवाल्यांना म्हणाले, "मी बी बसलो. आता हाना."

दलालाला साऱ्या लोकांदेखत हाणायचं म्हणजे अवघड. लाठीवाले शेटजींकडे बघायला लागले.

"शेटजी," काकाजी म्हणाले, "उपरन्याखाली हात देल्ला तुमी. पंजा देल्ला. म्या सोता धरला."

"देल्ला ना! नाई कोन म्हनते?" शेटजी हसले. आता त्यांच्याभोवती सारा बाजार गोळा झाला होता आणि त्यांना ते आवडत होतं. "ठराव आना. साऱ्याईसमोर वाचा. जे लिवलं असन थे होईन. माहा शबूद हाये. साडेतीनवाले पाटील बी हायेत, साक्षीले."

पाटील गर्दीत मागे सरकले.

"आन रे," काकाजी मला म्हणाले. "वाच."

मी पेटी आणली आणि कागद काढला. तो दोन्ही हातांनी उघडून धरला. वर 'समुद्रापार' असं लिहिलेलं होतं, माझ्याच सुंदर अक्षरात. समोर चाळीस बाया मान वर करून बघत होत्या. त्यातल्या एकीलाही वाचता येत नव्हतं, काकाजींना येत नव्हतं, पाटलांना येत नव्हतं, शेटजींना मोडी येत नव्हती. मागं पोर रडायला लागलं, भुकेचंच रडणं, आणि गयाबाईचे दोन्ही हात आपोआप छातीकडे गेले.

मी वाचलं, "परकोटाबाहेर जिथं कुठं माणसं काम थांबवून, दगड न उचलता, शिवी न देता बसली असतील, तिथं त्यांना कुणी उठवू नये, कोंडू नये, मारू नये."

शेटजींचं पान चघळणं थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागद घडी करून खिशात घातला. ते बोलणार तरी काय? हा खोटं वाचतोय म्हणावं, तर खरं काय ते तुम्हाला कसं ठाऊक, असं कुणीही विचारलं असतं. आणि शब्द तर आत्ताच साऱ्या बाजारापुढं दिला होता.

मग शेटजी आपल्या माणसाला म्हणाले, "कडी काहाडून टाक बे. खिळ्यासकट."

बाया उठल्या, लुगडी झटकली आणि आत गेल्या. गयाबाईनं आधी तिथंच भिंतीकडे तोंड करून पोराला पाजलं, मग गेली. थोड्या वेळानं रेच्यांची कुरकुर सुरू झाली. जयजयकार वगैरे काही झाला नाही.

मला शेटजींनी आठवड्याच्या आत घरी बसवलं. ते मी धरूनच चाललो होतो. पण काकाजींचं जे झालं ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांच्या उपरण्याखाली हात घालायचं लोकांनी बंद केलं. शेटजींनी कुणाला तसं करायला सांगितलं नव्हतं, हो! काकाजींनी सौदा फिरवला असंही कुणी म्हणालं नाही. उलट, फारच पाळला. लोक म्हणायचे, मानूस सोन्यासारखा हाये, पन आज आपन कापसाचा हात द्यावा आन उद्या हा त्यातून काय काढन याचा नेम नाई. ज्यांच्या बाया त्या आवारात होत्या तेही दुसऱ्या दलालाकडे जायला लागले. मला इतका संताप यायचा की एकदा मी भर रस्त्यात एकाच्या अंगावर धावून गेलो. काकाजींनीच मला मागं ओढलं. "त्याचा कापूस हाये. कोनाले हात द्यावा थे त्याची मर्जी," म्हणाले.

पुढं अमेरिकेतली लढाई संपली, गुलाम सुटले. काकाजींनी त्या दिवशीही जिलबी वाटली. त्याच आठवड्यात आमचा भाव कोसळला, आणि जिलबी खाल्लेल्यांपैकी बऱ्याच जणांनी त्याचा दोष काकाजींना दिला.

मला अकोल्याच्या कचेरीत कारकुनी मिळाली. वर्ष दीड वर्षानं कळलं की काकाजीही अकोल्याला आलेत, साळ्याच्या आसऱ्यानं. काकू माहेरच्या मळ्यातली वांगी विकायच्या, घर त्यावर चालायचं. मी चार महिने भेटायला गेलो नाही. का नाही, ते तुम्हाला कळलंच असेल.

शेवटी एका दुपारी गेलो. कापूस बाजारात एका कडुलिंबाखाली ते बसले होते. उपरणं समोर नीट पसरलेलं. मी पुढं जाऊन बसलो आणि त्यांनी "काय रे" म्हणायच्या आत बोलून मोकळा झालो.

"काकाजी, मी ठराव बदलला होता. त्या दिवशी कागदावर परकोटाबाहेर नव्हतंच. समुद्रापार होतं. शेटजींनी सांगितलं आणि मी लिहून दिलं. मी तुम्हाला फसवलं."

"मले मालूम हाये."

"कुणी सांगितलं?"

"कोनी नाई. तू इतके साल मले वाचून दाखवतं. वाचताना तुये डोये कागदावर फिरतेत. त्या दिवशी तू त्या पोराकडे पाहून वाचून राहिला होता."

मला रडू आलं. मी लाजलो नाही, भर बाजारात रडलो. म्हणालो, माझ्यामुळं तुमचा धंदा गेला. माझ्या एका शब्दामुळं. मी आधीच नीट लिहिलं असतं, विलायत असं लिहिलं असतं, तर तुम्ही आज अमरावतीला असता.

"आन कडी?" ते म्हणाले.

त्यांनी मला उपरण्याच्या टोकानं डोळे पुसू दिले, माझी बायको, मुलगी, सगळ्यांची चौकशी केली. मग इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाले, "बरं, उठ आता. गिऱ्हाइकाची जागा हाये थे."

मी उठलो. चार पावलं गेल्यावर शेजारच्या दोरखंडवाल्यानं मला थांबवलं. विचारलं, काय सौदा केला भाऊ? मी म्हणालो, सौदा नाही, सहज बसलो होतो. तो म्हणाला, "तरीच. साल होत आलं याले इथं येऊन. समोर बसलेला तूच पह्यला."